एक कुत्रं सुधारलं, आता नोकरी सोडू का?

ताई, मी नाशिकला असते, वय २९, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. अडीच वर्षांपूर्वी पावसाळ्यात पार्किंगमधे बंड्या सापडला, गावठीच आहे, तेव्हा दीड महिन्याचा असेल. मोठा झाल्यावर दुसरं कुत्रं दिसलं की पट्ट्याला लटकून नुसता थयथयाट करायचा, मी रडत घरी यायचे. मग व्हिडिओ बघून, वाचून, रोज पहाटे पाचला उठून त्याच्यावर मेहनत घेतली आणि आता तो दुसऱ्या कुत्र्यासमोरून शांत जातो. सोसायटीतले लोक विचारतात की आमच्यापण कुत्र्याला शिकव ना. ऑफिसमधे मला काडीचा इंटरेस्ट उरलेला नाही. नोकरी सोडून डॉग ट्रेनर व्हायचंय. कोर्स लागतो का? सुरुवात कुठून करू? आई म्हणते, कुत्री फिरवायला बीकॉम केलंस का.
— बंड्याची मम्मा, नाशिक

बंड्याच्या मम्मे,

राजीनाम्याचा मेल टाईप करून ठेवला असशील तर तो आत्ता ड्राफ्टमधेच राहू दे. नको करू असं म्हणत नाहीये हं मी, मला कोण म्हणणार, मी स्वतः बँकेतली खुर्ची सोडून यात आलेय. आणि माझ्या ओळखीतले बहुतेक ट्रेनर तुझ्यासारखेच आलेत, घरातल्या एका महाअवघड कुत्र्याच्या कृपेने. ज्यांच्या घरी गरीब गाय टाइप कुत्रं असतं ते कशाला ट्रेनर होतायत, ते रविवारी दहापर्यंत झोपतात. पहाटे पाचला खिशात उकडलेलं चिकन घेऊन, कोपऱ्यावरून दुसरं कुत्रं येतंय का बघत भिंतीला चिकटून उभे राहतात ते आपल्यासारखे. त्यामुळे तू योग्य दारातून आलीयस, फक्त दारातच उभी आहेस अजून.

माझं सांगते. २००९ साली आमच्याकडे सोन्या आला, डॉबरमनचा क्रॉस असावा, कुणीतरी सोडून दिलेला. जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरायचा, पाहुणे आले की गुरगुरायचा, सोफ्यावरून उतर म्हणलं तरी गुरगुरायचा. ओळखीतून एक ट्रेनर मिळाले, मोठा गाजावाजा होता त्यांचा. त्यांनी गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, घातली आणि म्हणले, मॅडम, याला कळलं पाहिजे या घरात मालक कोण आहे, याच्याआधी तुम्ही जेवायचं, दारातून आधी तुम्ही जायचं, आणि गुरगुरला की असा झटका. चार रविवार झटके झाले आणि खरंच गुरगुरणं बंद झालं. मी तर पेढे वाटले. तीन आठवड्यांनी माझा दीर आला, सोन्याच्या भांड्याजवळून पाणी प्यायला गेला, आणि सोन्याने हूं की चूं न करता सरळ मनगट धरलं.

शिट्टी काढून घेतलेला कुकर होता तो. आतली वाफ तशीच होती, किंबहुना वाढलेली, कारण आता भांड्याजवळ माणूस आला की वर गळ्याला फाससुद्धा बसतो हे त्याला कळलेलं, फक्त सांगायची सोय आम्ही पैसे देऊन काढून घेतलेली. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचा सभ्यपणा आहे गं, तो सांगतोय ना की बाबा मला भीती वाटतेय, लांब हो. मला हे कळायला दिराचं मनगट लागलं. त्या दिवसापासून मी वाचायला लागले आणि तिथून माझा धंदा सुरू झाला, म्हणजे अभिमानातून नाही, शरमेतून.

ते मालक कोण, अल्फा म्हणजे कळपाचा दादा कोण प्रकरण तुलाही क्लायंटच्या घरोघरी ऐकायला मिळणार आहे, म्हणून त्याचा उगम माहीत असू दे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या माणसाने कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवर अभ्यास लिहिला, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका जागेत डांबले की मारामाऱ्या होणारच, त्यातून वर कोण खाली कोण ही कल्पना आली. पुढे डेव्हिड मीच (Mech) या अभ्यासकाच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने ती सगळीकडे पोचवली. आणि मग याच मीचसाहेबांनी जंगलातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मधे लिहिलं की अहो, कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, साधं कुटुंब आहे, अल्फा म्हणणं चुकीचं आहे. ज्याने पसरवलं त्यानेच परत घेतलं, पण आपल्याकडे अजून लोक कुत्र्याच्या आधी जेवायला बसतात. बसा बापडे. कुत्र्याला काय, तुम्ही जेवताना खाली काय सांडतंय यात रस असतो.

तर सोन्या. त्याच्या भांड्याजवळून जाताना लांबूनच कलेजीचा तुकडा टाकत टाकत, माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी भारी मिळणं हे त्याच्या डोक्यात बसायला दीड वर्ष लागलं. जमलं. आणि जमल्यावर माझ्या डोक्यात जी हवा गेली ती तुझ्या पत्रात मला दिसतेय, रागावू नको.

माझा पहिला क्लायंट म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधला बीगल. फी तीनशे रुपये. पट्टा ओढतो एवढीच तक्रार. मी म्हणलं हात्तिच्या, आणि सोन्यावर चाललेलं सगळं त्याच्यावर लावलं. चिकन, कलेजी, पनीर, शेवटी मालकिणीने पारले-जी आणलं, पण त्या बीगलला माझ्या हातातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं, नाक जमिनीला लावून तो आपला चाललाय आणि मागे मी. सहा सेशन्स वाया गेली. मग कधीतरी ट्यूब पेटली की ही जातच सशाचा वास काढत पळायला तयार केलेली, याला हुंगणं हेच बक्षीस आहे, मग मी चिकन का नाचवतेय? चार पावलं पट्टा ढिला ठेवून चाललास की जा, हुंग ते झाड मनसोक्त. दोन आठवड्यांत फरक. मानसशास्त्रात याला प्रीमॅकचं तत्त्व म्हणतात, आपल्या घरात याला आधी भाजी संपव मग श्रीखंड म्हणतात.

सांगायचं एवढंच की तुला बंड्या येतो. कुत्रा येत नाही अजून.

एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर प्रामाणिकपणे स्वतःला दे. बंड्या का भुंकत होता? भीतीने, की त्या कुत्र्याकडे जायचंय आणि पट्टा जाऊ देत नाही या चिडचिडीने? दोन्ही बाहेरून सेम दिसतात, तेच लटकणं, तेच ओरडणं. पण भित्र्या कुत्र्याला जवळ नेणं म्हणजे शिक्षा, त्याला अंतर पाहिजे, समोरचं कुत्रं दिसतंय पण डोकं अजून ठिकाणावर आहे एवढ्या अंतरावर खाऊ सुरू झाला पाहिजे. आणि दुसऱ्याला जाऊन भेटायचंच आहे, तर शांत राहिलास की भेटायला मिळेल हे शिकवायचं. तू व्हिडिओ बघून यातलं एक केलंस आणि ते लागू पडलं. सोसायटीतल्या पुढच्या कुत्र्याला ते उलटं पडलं तर तू काय बघून ओळखशील? जांभई, जिभेने ओठ चाटणं, डोळ्याची पांढरी कड दिसणं, वजन मागच्या पायांवर जाणं, हे तुला अनोळखी कुत्र्यात सेकंदभरात दिसलं पाहिजे, आणि ते डझनावारी कुत्री बघितल्याशिवाय दिसत नाही. शनिवार-रविवार जवळच्या शेल्टरला जाऊन बस. झाडू मार, भांडी धू, आणि बघत राहा. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या फीडर लोकांबरोबर रात्री फिर. रस्त्यावरची कुत्री एकमेकांना किती नमस्कार-चमत्कार घालतात, वाकडं वळण घेऊन कशी जवळ येतात, ते बघायला कोर्सची फी लागत नाही.

आता खरी गोम. तुला वाटतंय तू ऑफिसमधल्या माणसांना कंटाळून कुत्र्यांकडे चाललीयस. ताई म्हणून सांगते, हा धंदा माणसांचाच आहे. कुत्र्याबरोबर तू आठवड्यातून एक तास असणार, बाकीचे सगळे तास ते घरच्यांबरोबर. माझ्याकडे एक लॅब्रेडॉर होता, टेबलाशी बसून भुंकायचा. मालकाने सांगितलं आम्ही कुणीही टेबलावरून काही देत नाही. तीन आठवडे काही फरक नाही. चौथ्या वेळी मी मुद्दाम जेवायच्या वेळेला गेले, तर आजी एकदम निरागस चेहऱ्याने बसलेल्या आणि टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकतोय. आजी म्हणाल्या, रोज नाही हो देत, कधीतरीच. तिथेच तर घोळ आहे. रोज देऊन एकदम बंद केलं असतं तर कुत्रं लवकर सोडतं, पण कधी मिळतं कधी नाही म्हणजे मटका झाला, आज नाही लागला तर उद्या लागेल, माणसं घरं विकतात त्यापायी, कुत्रं भुंकत राहणार नाही तर काय.

आणि ऐक, तिथे आजींना लेक्चर देऊन मी बाहेर पडले असते तर क्लायंट गेला असता आणि पोळी सुरूच राहिली असती. मी आजींनाच काम दिलं, म्हणलं आजी पोळी तुम्हीच द्यायची, पण तो त्याच्या गोधडीवर जाऊन बसला की, आणि तिथे जाऊन. पंधरा दिवसांत आजींनी त्याला असा बसवला की मुलगा आणि सून बघत राहिले. शाब्बासकी आजींना. हे जमतं का तुला? चिडलेल्या नवऱ्यासमोर, ज्याला कुत्रं नकोच होतं पहिल्यापासून? दहावीच्या पोराला, जो म्हणालेला मी फिरवीन आणि एकदाही फिरवत नाही? तुझी सहनशक्ती कुत्र्यांसाठी खूप असेल, आपल्या सगळ्यांची असते, प्रश्न माणसांसाठी किती उरते याचा आहे.

आता कोर्सचं. आपल्याकडे डॉग ट्रेनर व्हायला सरकारी लायसन लागत नाही. कुत्र्यांची ब्रीडिंग करून विकणाऱ्याला २०१७ च्या नियमांखाली नोंदणी करावी लागते, पण ट्रेनरचा बोर्ड उद्या कोणीही लावू शकतो, तू, मी, तुमचा वॉचमन. म्हणूनच सोन्याचे ते चार रविवार झाले. तेव्हा कायदा विचारत नाही म्हणून शिकायचं नाही असं करू नको. कॅरन प्रायर अकॅडमीचे ऑनलाईन कोर्सेस आहेत. ही बाई मुळात हवाईला डॉल्फिन शिकवायची, साठच्या दशकात, आणि गंमत बघ, डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही, झटका देता येत नाही, रागावलात तर तो पोहून निघून जातो. मग उरतं काय, तर शिट्टी आणि मासा. बरोब्बर त्या क्षणाला शिट्टी, मग मासा. तेच पुढे क्लिकर, म्हणजे दाबली की टिक्क वाजणारी छोटी डबी, म्हणून कुत्र्यांकडे आलं. मला विचारशील तर ट्रेनरची सगळी अक्कल या एका गोष्टीत आहे, की समोरच्याला ओढायची सोय नसती तर मी काय केलं असतं.

परीक्षा द्यायची तर अमेरिकेतल्या एका संस्थेची सीपीडीटी-केए नावाची परीक्षा जगभर मानतात, आणि तिला बसायलाच आधीच्या तीन वर्षांत निदान ३०० तास ट्रेनिंगचा अनुभव दाखवावा लागतो. तू अकाउंट्सवाली आहेस, हिशोब कर. शनि-रवि मिळून चार तास धरले तर ३०० तासांना ७५ आठवडे, म्हणजे साधारण दीड वर्ष. एवढा वेळ नोकरी सुरू ठेव. तोवर कुणा चांगल्या ट्रेनरच्या मागे बॅग धरून फिर. मुंबईच्या शिरीन मर्चंट इंग्लंडला जाऊन जॉन रॉजरसन यांच्याकडे शिकल्या, तेव्हा इथे असं शिकायची सोयच नव्हती, तुला निदान विमान लागणार नाही. पण ज्याच्या मागे फिरायचं त्याला आधी एकच विचार, की कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता आणि बरोबर केलं तर काय करता. पहिल्याचं उत्तर लांबलचक आणि दुसऱ्याचं दोन शब्दांत आलं की चप्पल घाल.

आणि एक्सेल तर तुझ्या बोटात आहे. प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेव, तारीख, वय, जागा, समोरचं कुत्रं किती फुटांवर होतं, काय केलं, काय झालं. मी पहिली तीन वर्षं नोंदी ठेवल्या नाहीत, त्यामुळे मला त्या काळातले फक्त विजय आठवतात.

घरी बसल्या करायचा अभ्यास सांगते. टेनिसचा बॉल कुणालातरी टाकायला सांग आणि तो जमिनीला टेकतो त्याच क्षणी क्लिक कर, मागेपुढे नाही, बघ किती वेळा हुकतेस. दुसरा, आईवर प्रयोग. मनात ठरव की आईने पंखा लावायचा, तिला सांगायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, ती त्या दिशेला वळली की क्लिक आणि एक शेंगदाणा. तुला कळेल की आपण किती घाई करतो, आणि आईला कळेल की समोरच्याला नेमकं काय हवंय हे न कळणं किती वैताग असतो, बंड्याबद्दल तिला एकदम माया येईल. तिसरा, गावाकडे कुणाच्या कोंबड्या आहेत का? बॉब बेली म्हणून मोठे ट्रेनर, ते अमेरिकेत आर्कन्सामधे ट्रेनर लोकांना कोंबड्यांवर शिकवायचे. कोंबडी झटकन वळते, क्षणात दुसरीकडे बघते, तिला तुझ्यावर प्रेम वगैरे काही नाही, तू उशीर केलास की तिने भलतंच शिकलेलं असतं. कुत्रं आपल्या चुका पोटात घालतं, कोंबडी घालत नाही. चार रंगांची बाटलीची झाकणं मांड आणि फक्त लाल झाकणाला चोच मारायला शिकव.

काय घ्यायचं नाही तेही सांगते. पहिली दोन वर्षं चावलेलं कुत्रं घेऊ नको, कितीही ओळखीचं असलं तरी, सरळ अनुभवी माणसाकडे पाठव, त्यात कमीपणा नाही. आणि अचानक बदललेलं कुत्रं आधी वेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे. एक कॉकर स्पॅनियल आलेला माझ्याकडे, डोक्याला हात लावला की अंगावर यायचा, घरचे म्हणत होते आगाऊ झालाय, पावसाळ्यात कान सडलेला होता आतून, दुसरं काही नाही. गोचीड तापाने, कंबरेच्या दुखण्याने कुत्री चिडतात, तिथे ट्रेनिंग म्हणजे दात दुखणाऱ्याला पाढे म्हणायला लावणं. स्वतःला रेबीजची आधीच घ्यायची लस मिळते, डॉक्टरला विचारून ती घेऊन टाक, आणि ती घेतलेली असली तरी दात लागला की १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, हळद-बिळद नाही.

पैशांचं लवकर आटोपते कारण ते सुखाचं नाही. मिळतात, पण एकसारखे मिळत नाहीत. पावसात सेशन्स रद्द होतात, मे महिन्यात अर्धं शहर गावाला जातं, पंचवटीहून इंदिरानगरला जाऊन बेल वाजवल्यावर अहो आज जमणार नाही ऐकायला मिळतं, म्हणून पैसे आधी, पाच-सहा सेशन्सचे एकदम. आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस फोन थांबत नाही, ताई आमचा फटाक्यांना घाबरतो काहीतरी करा. आठ दिवसांत काय करणार, फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून खाऊ देत देत हळूहळू वाढवायचं काम जूनपासून सुरू करायचं असतं. तू हुशार असलीस तर जूनमधेच सगळ्यांना मेसेज टाकशील. मी टाकते, लोक अंगठा दाखवतात आणि ऑक्टोबरमधे फोन करतात.

राहिला बंड्या. हे मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं आणि शेवटी आलं बघ. ट्रेनर झाल्यावर तुझ्या कपड्यांना रोज पाच परक्या कुत्र्यांचा वास येणार, तू थकून येणार आणि त्याचं फिरणं वॉचमनला दाखवल्यासारखं दोन मिनिटांत उरकणार. दिव्याखाली अंधार आमच्याकडे दोन वर्षं होता, सोन्या खिडकीत बसून असायचा आणि मी गावभर लोकांना सांगत फिरायचे की कुत्र्याला वेळ द्या. शिवाय तुला मोह होईल की बघा माझा बंड्या कसा शांत जातो म्हणून त्याला क्लायंटच्या भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर उभा करायचा, त्याची रील करायची. नको करू. तो शांत जातो कारण त्याचा तुझ्यावर भरवसा बसलाय की ही मला जवळ नेणार नाही. एका रीलपायी तो मोडला तर परत पहाटे पाच.

आईला सांग, बीकॉम वाया जाणार नाहीये, ३०० तासांचा हिशोब कोण ठेवणार. आणि ती शेंगदाण्याला तयार नसेल तर काजू वापर, बक्षीस घेणाऱ्याच्या आवडीचं पाहिजे. लाल झाकणाचं काय झालं ते कळव.

— ताई